लिओनार्ड चेशायर

ग्रुप कॅप्टन जेफ्री लिओनार्ड चेशायर (७ सप्टेंबर, १९१७ – ३१ जुलै, १९९२) हे दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश रॉयल एअर फोर्सचे बॉम्बफेकी वैमानिक आणि अपंगांसाठी काम करणाऱ्या चेशायर होम्स या संस्थेचे संस्थापक होते. नोव्हेंबर १९४० मध्ये जर्मनीतील कोलोन शहरावरील हल्ल्यात त्यांच्या विमानाची एक बाजू फाटून आत आग लागली. त्या स्थितीतही त्यांनी विमान आणि आपले सर्व सहकारी इंग्लंडला परत आणले. युद्धात त्यांनी सुमारे शंभर मोहिमांत भाग घेतला. त्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. नागासाकीवरील अणुबॉम्ब हल्ल्याच्या वेळी ते ब्रिटिश सरकारचे अधिकृत निरीक्षक होते. युद्धानंतरची चार दशके त्यांनी असाध्य आजाराने किंवा अपंगत्वाने परावलंबी झालेल्या माणसांसाठी निवासगृहे उभारण्यात घालवली. ब्रिटनबाहेरील पहिले चेशायर होम मुंबईत अंधेरी येथे सुरू झाले.

सुरुवातीचे जीवन

चेशायर यांचा जन्म इंग्लंडमधील चेस्टर शहरात झाला. त्यांचे वडील जेफ्री चेव्हॅलियर चेशायर हे ऑक्सफर्ड विद्यापीठातील कायद्याचे नामवंत अध्यापक व ग्रंथकार होते. लिओनार्ड यांचे बालपण ऑक्सफर्डच्या परिसरात गेले. ड्रॅगन स्कूल व स्टो स्कूल येथे शालेय शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात कायद्याच्या अभ्यासक्रमासाठी प्रवेश घेतला. १९३९ साली त्यांनी द्वितीय श्रेणीत पदवी मिळवली. विद्यार्थिदशेत अभ्यासापेक्षा वेगवान मोटारी आणि मौजमजा यांकडे त्यांचा ओढा अधिक होता.

१९३६ साली जर्मन भाषा शिकण्यासाठी ते बर्लिनजवळील पॉट्सडॅम येथे लुडविग फॉन रॉयटर यांच्या कुटुंबात राहिले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ब्रिटिशांच्या ताब्यात गेलेले जर्मन आरमार स्कापा फ्लो येथे बुडवण्याचा आदेश देणारे अ‍ॅडमिरल ते हेच. पॉट्सडॅममधील वास्तव्यात एका नाझी सभेला उपस्थित असताना चेशायर यांनी नाझी पद्धतीची सलामी देण्यास नकार दिल्याची नोंद त्यांच्या चरित्रांत आढळते.

ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी एअर स्क्वाड्रन या विद्यार्थी पथकात ते विमान चालवण्यास शिकले. १९३७ साली त्यांना हवाई दलाच्या राखीव विभागात अधिकारीपद मिळाले आणि युद्ध सुरू झाल्यावर ऑक्टोबर १९३९ मध्ये ते नियमित सेवेत दाखल झाले.

१०२ वे स्क्वाड्रन

जून १९४० मध्ये प्रशिक्षण संपवून चेशायर यॉर्कशरमधील १०२ व्या स्क्वाड्रनमध्ये रुजू झाले. हे स्क्वाड्रन आर्मस्ट्राँग व्हिटवर्थ व्हिटली ही दोन इंजिनांची बॉम्बफेकी विमाने वापरत असे. व्हिटलीमध्ये पाच जण असत: दोन वैमानिक, एक दिशादर्शक, एक बिनतारी संदेशवाहक आणि शेपटीच्या टोकाला असलेल्या बुरुजात एकटा बसणारा तोफची. विमान संथ होते, त्याला उड्डाणात नाक खाली झुकवून जाण्याची खोड होती आणि आत थंडी कडाक्याची असे. रात्रीच्या अंधारात उत्तर समुद्र ओलांडून जर्मनीत जायचे, नकाशा, होकायंत्र आणि ताऱ्यांच्या आधारे लक्ष्य शोधायचे आणि पुन्हा तेवढेच अंतर कापून परत यायचे, असे या मोहिमांचे स्वरूप होते. एका फेरीला अनेकदा आठ तासांहून अधिक वेळ लागे.

आरंभी चेशायर यांनी फ्रँक लाँग या न्यूझीलंडच्या अनुभवी वैमानिकाच्या हाताखाली दुय्यम वैमानिक म्हणून काम केले. विमानातील प्रत्येक सहकाऱ्याचे काम वैमानिकाला स्वतःला करता आले पाहिजे, ही शिस्त लाँग यांनी त्यांना लावली. तोफचीच्या बुरुजात बसून पाहणे, अंधारात डोळे झाकून प्रत्येक कळ व खटका हाताने ओळखणे, जमिनीवरच्या तंत्रज्ञांबरोबर इंजिनाची माहिती करून घेणे या सवयी त्यांनी याच काळात लावून घेतल्या.

कोलोनवरील हल्ला आणि विमानाचे नुकसान

१२ नोव्हेंबर, १९४० च्या रात्री चेशायर पाच जणांचे व्हिटली विमान घेऊन निघाले. मूळ लक्ष्य कोलोनजवळील वेसेलिंग येथील तेलशुद्धीकरण कारखाना हे होते. ढगांमुळे ते स्पष्ट न दिसल्याने विमान कोलोनच्या रेल्वे यार्डाकडे वळवण्यात आले.

लक्ष्याजवळ येताच विमान विमानवेधी तोफांच्या माऱ्यात सापडले. एक स्फोट विमानाच्या पुढील भागाजवळ झाला. त्याच्या झगमगाटाने चेशायर यांचे डोळे क्षणभर दिपले आणि विमान खाली जाऊ लागले. पाठोपाठ विमानाच्या पोटात दुसरा स्फोट झाला. खाली सोडण्यासाठी तयार ठेवलेल्या प्रकाशगोळ्याने आत पेट घेतला. या स्फोटाने विमानाच्या डाव्या बाजूचा सुमारे तीन मीटर लांबीचा पत्रा उडून गेला. आतील भाग धुराने भरला आणि आग पसरू लागली. टाक्यांमध्ये परतीचे इंधन होते.

विमान सोडून हवाई छत्रीने उतरावे की नाही, हा निर्णय काही क्षणांत घ्यावयाचा होता. चेशायर यांनी विमान सावरले, सहकाऱ्यांनी आग विझवली आणि मोहीम सोडून न देता बॉम्ब लक्ष्यावर टाकण्यात आले. प्रकाशगोळ्याच्या स्फोटात बिनतारी संदेशवाहक सार्जंट हेन्री डेव्हिडसन चेहऱ्यावर गंभीररीत्या भाजला होता आणि त्याला दिसत नव्हते. तशा स्थितीतही तो आपल्या यंत्रापाशी परतला व संदेश पाठवण्याचा प्रयत्न करत राहिला.

विमानाचा सांगाडा अशा प्रकारे उघडा पडला की त्याची ताकद कमी होते. त्यामुळे वेगाने वळणे किंवा सूर मारणे धोक्याचे ठरते. फाटलेल्या बाजूने येणारा वारा विमानाला सतत एका अंगाला ओढतो. या अवस्थेत उत्तर समुद्रावरून कित्येक तास उड्डाण करून विमान इंग्लंडला पोहोचले. पाचही जण जिवंत परतले. जमिनीवर उतरल्यानंतर त्या भगदाडाशेजारी उभ्या असलेल्या वैमानिकांची छायाचित्रे काढण्यात आली आणि ती युद्धकाळात बरीच प्रसिद्ध झाली.

या कामगिरीबद्दल चेशायर यांना डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर हे पदक मिळाले. ते तेव्हा तेवीस वर्षांचे आणि पायलट ऑफिसर या कनिष्ठ हुद्द्यावर होते. या हुद्द्यावरील अधिकाऱ्याला हे पदक सहसा दिले जात नसे.

पुढील युद्धकाळ

बॉम्बर कमांडमध्ये साधारण तीस मोहिमांनंतर वैमानिकाला सक्तीची विश्रांती दिली जाई. ही संख्या गाठण्यापूर्वीच बहुसंख्य तुकड्या मारल्या जात किंवा कैद होत. युद्धाच्या अखेरीपर्यंत बॉम्बर कमांडच्या सुमारे १,२५,००० हवाई सैनिकांपैकी ५५,५७३ जण मृत्युमुखी पडले. पहिला टप्पा पूर्ण होताच चेशायर यांनी विश्रांती न घेता दुसऱ्या टप्प्यासाठी नाव दिले आणि १९४१ च्या आरंभी चार इंजिनांची हॅलिफॅक्स विमाने वापरणाऱ्या ३५ व्या स्क्वाड्रनमध्ये ते दाखल झाले. त्यांचे धाकटे बंधू ख्रिस्तोफर हेही बॉम्बफेकी वैमानिक होते. ऑगस्ट १९४१ मध्ये त्यांचे विमान पाडले गेले आणि उर्वरित युद्ध त्यांना जर्मन कैदेत काढावे लागले.

१९४१ साली अमेरिकेच्या भेटीत चेशायर यांनी अभिनेत्री कॉन्स्टन्स बिनी यांच्याशी विवाह केला. हा विवाह फार काळ टिकला नाही आणि १९५१ साली घटस्फोट झाला.

ऑगस्ट १९४२ मध्ये ७६ व्या स्क्वाड्रनचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. हॅलिफॅक्स विमाने वजनदार व संथ असल्याने हानी मोठी होत होती. चेशायर यांनी विमानाच्या नाकावरील व पाठीवरील तोफांचे बुरुज काढून टाकण्यासारखे उपाय करून वजन कमी केले आणि विमानांची उंची व वेग वाढवला. नव्या, अननुभवी तुकड्यांबरोबर ते स्वतः दुय्यम वैमानिकाच्या आसनावर बसून जात. जमिनीवर काम करणाऱ्या प्रत्येक तंत्रज्ञाचे नाव लक्षात ठेवण्याबद्दल ते ओळखले जात.

एप्रिल १९४३ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, ते ग्रुप कॅप्टन झाले. या हुद्द्यावरील ते त्या वेळचे सर्वांत तरुण अधिकारी होते. मात्र तळप्रमुखाचे काम त्यांना रुचले नाही. प्रत्यक्ष उड्डाणे करता यावीत म्हणून त्यांनी स्वतःहून हुद्दा एका पायरीने कमी करून घेतला आणि १९४३ च्या उत्तरार्धात ६१७ व्या स्क्वाड्रनचे प्रमुखपद स्वीकारले. जर्मनीतील धरणे फोडणाऱ्या मे १९४३ च्या मोहिमेमुळे हे स्क्वाड्रन प्रसिद्ध झाले होते.

लिमोज आणि कमी उंचीवरून लक्ष्यनिर्देशन

रात्रीच्या बॉम्बहल्ल्यांत अचूकता फार कमी होती आणि लक्ष्याभोवतालची वस्ती मोठ्या प्रमाणावर उद्ध्वस्त होई. यावर उपाय म्हणून चेशायर यांनी एक पद्धत विकसित केली. प्रमुखाने अत्यंत कमी उंचीवर जाऊन लक्ष्यावर ज्वलनशील खुणा टाकायच्या आणि मागून येणाऱ्या विमानांनी केवळ त्या खुणांवर बॉम्ब टाकायचे, अशी ही पद्धत होती.

८ फेब्रुवारी, १९४४ च्या रात्री फ्रान्समधील लिमोज येथील नोम-रोन विमानइंजिन कारखान्यावरील हल्ल्यात तिचा परिणामकारक वापर झाला. कारखान्यात रात्रपाळीला फ्रेंच कामगार होते व त्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. चेशायर यांनी आपले चार इंजिनांचे लँकॅस्टर विमान कारखान्याच्या छतावरून अनेकदा नेऊन कामगारांना बाहेर पडण्याची सूचना दिली. लोक बाहेर पळाल्यानंतरच खुणा टाकण्यात आल्या. कारखाना उद्ध्वस्त झाला, परंतु आजूबाजूच्या वस्तीची हानी अत्यल्प राहिली.

यानंतर लक्ष्यनिर्देशनासाठी त्यांनी प्रथम मॉस्किटो आणि पुढे अमेरिकन बनावटीचे मस्टँग ही लहान विमाने वापरली. २४ एप्रिल, १९४४ च्या रात्री म्युनिकवर ते हजार फुटांच्या खाली उतरले आणि शोधदिव्यांच्या व तोफांच्या माऱ्यात राहून त्यांनी खुणा टाकल्या. मस्टँग विमान तर त्यांनी पूर्वी कधी चालवलेच नव्हते. त्यांचे त्यातील पहिले उड्डाण हीच एक युद्धमोहीम होती. ६ जुलै, १९४४ रोजी फ्रान्समधील मिमोयेक येथील जर्मन लांबपल्ल्याच्या तोफांच्या भुयारांवरील हल्ल्यानंतर वरिष्ठांनी त्यांना मोहिमांमधून काढून घेतले.

८ सप्टेंबर, १९४४ रोजी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. हे पदक बहुधा एखाद्या विशिष्ट प्रसंगातील शौर्यासाठी दिले जाते. चेशायर यांना ते चार वर्षांच्या सातत्यपूर्ण कामगिरीसाठी मिळाले. सन्मानपत्रात कोलोनच्या रात्रीचा आणि म्युनिकच्या हल्ल्याचा उल्लेख आहे.

नागासाकी

९ ऑगस्ट, १९४५ रोजी नागासाकीवर अणुबॉम्ब टाकण्यात आला, तेव्हा शास्त्रज्ञ विल्यम पेनी यांच्यासमवेत चेशायर ब्रिटनचे निरीक्षक म्हणून बिग स्टिंक या बी-२९ विमानात होते. ठरलेल्या ठिकाणी हे विमान बॉम्ब वाहून नेणाऱ्या विमानाला भेटू शकले नाही. त्यामुळे स्फोट व त्यानंतर वर चढणारा ढग त्यांनी दूर अंतरावरून पाहिला.

नागासाकीच्या पश्चात्तापातून चेशायर सेवाकार्याकडे वळले, असा समज पुढे रूढ झाला. तो त्यांनी स्वतः वारंवार नाकारला. अणुबॉम्बमुळे युद्ध लवकर संपले आणि त्याहून अधिक जीवितहानी टळली, हे मत त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही व १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या द लाइट ऑफ मेनी सन्स या पुस्तकात विस्ताराने मांडले. मात्र इतके मनुष्यबळ व पैसा खर्चून मिळवलेली शांतता टिकवण्यासाठी तेवढेच कष्ट घेतले पाहिजेत, ही जाणीव आपल्याला युद्धाने दिली, असे ते सांगत. त्यांच्या चरित्रकारांनी व टीकाकारांनी या दोन भूमिकांमधील ताणाची चर्चा केली आहे.

ल कोर्ट आणि पहिला रहिवासी

जानेवारी १९४६ मध्ये मानसिक थकव्याच्या कारणावरून चेशायर हवाई दलातून निवृत्त झाले. युद्धातून परतलेल्या सैनिकांनी व त्यांच्या कुटुंबांनी एकत्र राहून शेती व उद्योग करावेत, या हेतूने त्यांनी एक वसाहत स्थापन केली. हॅम्पशरमधील ल कोर्ट ही मोठी हवेली तिचे केंद्र होती. पैशाची अडचण आणि आपसांतील मतभेद यांमुळे ही वसाहत १९४७ साली मोडली. चेशायर यांच्याकडे रिकामी हवेली आणि कर्ज एवढेच उरले.

१९४८ च्या उन्हाळ्यात वसाहतीत पूर्वी राहिलेले, हवाई दलातील एक माजी कर्मचारी आर्थर डाइक्स कर्करोगाने मरणपंथाला लागल्याचे त्यांना कळले. उपचार संपल्याने रुग्णालयाला त्यांची खाट रिकामी हवी होती आणि त्यांना ठेवून घेणारे कोणीही नव्हते. इतरत्र सोय होत नाही हे पाहून चेशायर यांनी त्यांना ल कोर्टमध्ये आणले. शुश्रूषेचे कोणतेही शिक्षण नसताना ते स्वतः त्यांना भरवू लागले, अंग पुसू लागले, रात्री त्यांच्या खोलीजवळ झोपू लागले. ऑगस्टमध्ये डाइक्स यांचे निधन झाले. तोवर आणखी एका अंथरुणाला खिळलेल्या वृद्धेला तेथे आणण्याची विनंती आली होती. वर्ष संपण्यापूर्वी हवेली अशा रहिवाशांनी भरून गेली. डाइक्स यांच्या सहवासात चेशायर यांना धर्माची ओढ लागली आणि २४ डिसेंबर, १९४८ रोजी त्यांनी कॅथलिक पंथ स्वीकारला.

ब्रिटनमध्ये त्याच वर्षी सार्वजनिक आरोग्यसेवा सुरू झाली होती. ती बरे होणाऱ्या रुग्णांसाठी होती. दीर्घकाळ परावलंबी राहणाऱ्या तरुण अपंगांना बहुधा वृद्धांच्या कक्षात ठेवले जाई. ही उणीव भरून काढणे हे चेशायर होम्सचे मुख्य काम बनले. प्रत्येक गृह स्थानिक स्वयंसेवकांच्या समितीने चालवावे, त्याला रुग्णालयाचे नव्हे तर घराचे रूप असावे आणि जात, धर्म वा पैसा यांवरून प्रवेश नाकारू नये, ही तत्त्वे त्यांनी घालून दिली.

१९५२ साली चेशायर यांना क्षयरोग झाला. मिडहर्स्ट येथील आरोग्यधामात त्यांना दोन वर्षांहून अधिक काळ राहावे लागले आणि शस्त्रक्रियेने फुप्फुसाचा काही भाग काढावा लागला. दुसऱ्याच्या हातून सेवा घेण्याचा हा दीर्घ अनुभव होता. संस्थेचे काम याही काळात ते अंथरुणावरून पाहत होते.

भारतातील कार्य

आजारातून उठल्यानंतर १९५५ साली चेशायर भारतात आले. मुंबईत त्यांनी काही स्थानिक नागरिकांच्या साहाय्याने अंधेरी येथे, महाकाली लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बेथलहेम हाउस हे गृह सुरू केले. ब्रिटनबाहेरील हे पहिले चेशायर होम होय. आज दाट वस्तीचा असलेला हा भाग तेव्हा शहराबाहेरचा व बराचसा मोकळा होता.

भारतात त्या काळी अपंग व असाध्य रुग्णांची जबाबदारी जवळजवळ सर्वस्वी कुटुंबावर असे आणि ज्यांना कुटुंब नसे त्यांची स्थिती फार बिकट होती. स्थानिक समितीने पैसा उभा करायचा आणि कारभारही तिनेच पाहायचा, ही पद्धत येथे लवकर रुजली. मुंबईपाठोपाठ दिल्ली, कोलकाता, बंगळूर, जमशेदपूर आणि चेन्नईजवळील कोवलम यांसह अनेक ठिकाणी चेशायर होम्स स्थापन झाली.

५ एप्रिल, १९५९ रोजी मुंबईच्या कॅथलिक कॅथेड्रलमध्ये चेशायर यांचा सू रायडर यांच्याशी विवाह झाला. सू रायडर यांनी युद्धकाळात ब्रिटिश गुप्त मोहिमांच्या विभागात पोलिश तुकड्यांबरोबर काम केले होते. युद्धानंतर छळछावण्यांतून वाचलेल्यांसाठी व निर्वासितांसाठी त्यांनी स्वतंत्र संस्था उभारली होती. दोघांनी मिळून त्याच वर्षी डेहराडून येथे रिस्पना नदीच्या काठी राफाएल हे केंद्र सुरू केले. कुष्ठरोगी, क्षयरोगी आणि बौद्धिक अक्षमता असलेली मुले यांच्यासाठी तेथे सोय करण्यात आली. या दांपत्याला एक मुलगा व एक मुलगी झाली.

टीका आणि बदल

चेशायर होम्समुळे हजारो अपंगांना निवारा मिळाला; तरी त्यांना समाजापासून वेगळे ठेवणाऱ्या संस्था म्हणून त्यांच्यावर टीकाही झाली. या टीकेचा एक महत्त्वाचा उगम खुद्द ल कोर्टमध्ये होता. तेथील रहिवासी पॉल हंट व त्यांच्या सोबत्यांनी उठण्या-झोपण्याच्या वेळांपासून कारभारातील सहभागापर्यंत अनेक बाबींवर व्यवस्थापनाशी संघर्ष केला. हंट यांच्या पुढाकाराने १९७२ साली सुरू झालेली संघटना ब्रिटनमधील अपंगांच्या हक्कांच्या चळवळीचा पाया मानली जाते. अपंगत्व केवळ शरीरात नसून समाजाच्या रचनेत असते, हा विचार या चळवळीतून पुढे आला. कालांतराने संस्थेनेही मोठ्या निवासगृहांऐवजी स्वतंत्र राहणीसाठी साहाय्य, शिक्षण आणि रोजगार यांवर भर देण्यास सुरुवात केली.

अखेरची वर्षे आणि निधन

१९८१ साली चेशायर यांना ऑर्डर ऑफ मेरिट हा सन्मान मिळाला. विसाव्या शतकातील युद्धांत मरण पावलेल्यांच्या स्मरणार्थ आपत्तीग्रस्तांना मदत करणारा निधी त्यांनी १९८९ साली स्थापन केला. त्याच्या साहाय्यासाठी २१ जुलै, १९९० रोजी बर्लिनच्या पॉट्सडॅमर प्लाट्झ येथे, नुकत्याच पडलेल्या बर्लिन भिंतीच्या जागी, रॉजर वॉटर्स यांनी द वॉल हा संगीत कार्यक्रम सादर केला. पहिल्या महायुद्धातील एक शिटी वाजवून चेशायर यांनी त्याचा आरंभ केला. त्यांच्या पिढीच्या वैमानिकांनी रात्रीमागून रात्री बॉम्ब टाकलेले हेच शहर होते.

१९९१ साली त्यांना उमराव सभेचे आजीव सदस्यत्व देण्यात आले. याच सुमारास त्यांना मोटर न्यूरॉन डिसीज हा स्नायूंची हालचाल क्रमाक्रमाने थांबवणारा असाध्य आजार झाल्याचे निष्पन्न झाले. चाळीस वर्षे ज्या अवस्थेतील माणसांसाठी त्यांनी काम केले, तीच अवस्था त्यांच्या वाट्याला आली. ३१ जुलै, १९९२ रोजी सफकमधील कॅव्हेंडिश येथे त्यांचे निधन झाले. त्या वेळी ४९ देशांत सुमारे २७० चेशायर होम्स कार्यरत होती. सू रायडर यांचे २ नोव्हेंबर, २००० रोजी निधन झाले.

२००२ साली बीबीसीने घेतलेल्या सर्वकालीन थोर ब्रिटिश व्यक्तींच्या जनमत चाचणीत चेशायर यांना ३१ वे स्थान मिळाले. त्यांनी स्थापन केलेली संस्था आजही कार्यरत आहे आणि अंधेरीचे गृहही चालू आहे.

ग्रंथलेखन

• बॉम्बर पायलट (१९४३) – व्हिटली व हॅलिफॅक्स विमानांवरील अनुभव. कोलोनच्या रात्रीचे वर्णन यात आहे
• द फेस ऑफ व्हिक्टरी (१९६१) – युद्धोत्तर जीवन व चेशायर होम्सची सुरुवात
• द हिडन वर्ल्ड (१९८१) – संस्थेच्या कार्याचा आढावा
• द लाइट ऑफ मेनी सन्स (१९८५) – अणुबॉम्ब, युद्ध व शांतता यांविषयीचे विचार